अर्ध्या वाटेवर अडकलेला लॅपटॉप : आधी माहिती सोडवा, मग प्रणाली

रात्रीची जेवणे आटोपलेली असतात. लॅपटॉपच्या पडद्यावर 'नवी आवृत्ती तयार आहे' अशी सूचना झळकते आणि झोपण्यापूर्वी तिला होकार दिला जातो. सकाळपर्यंत सारे आटोपलेले असेल, अशी समजूत असते. प्रत्यक्षात सकाळी पडदा काळाच असतो. मधोमध ठिपक्यांचे कडे गरगरत असते, किंवा टक्केवारीचा आकडा रात्री होता तिथेच थिजलेला असतो. त्या लॅपटॉपमध्ये कुणाचा चार वर्षे लिहिलेला प्रबंध असतो, कुणाच्या दुकानाचा जमाखर्च असतो, तर कुणाच्या दिवंगत आईवडिलांची छायाचित्रे असतात. यंत्र कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेले की बहुधा पहिले वाक्य ऐकू येते, 'फॉरमॅट मारावा लागेल.' घाबरलेला माणूस मान डोलावतो आणि खरे नुकसान तिथून पुढे सुरू होते.

अपग्रेड अर्धवट राहिला म्हणजे लॅपटॉप निकामी झाला, असे क्वचितच असते. बहुतेक वेळा प्रणाली सुरू होण्याची वाट अडलेली असते. डिस्कवरची कागदपत्रे मात्र जागच्या जागी असतात. ती पुसली जातात ती अपग्रेडपेक्षा त्यानंतरच्या उतावळ्या उपायांनी. म्हणून अशा प्रसंगी कोणती कृती करावी याइतकेच ती कोणत्या क्रमाने करावी हेही महत्त्वाचे ठरते. आधी थांबणे, मग माहिती बाहेर काढणे, त्यानंतर दुरुस्ती आणि सर्वांत शेवटी नव्याने स्थापना, असा हा क्रम आहे.

अपग्रेडची घाई कशामुळे?

मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित पाठिंबा संपुष्टात आणला. त्या तारखेनंतर या प्रणालीला सुरक्षेची नेहमीची मोफत अद्यतने मिळणे थांबले. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अद्यतनांची एक योजना कंपनीने जाहीर केली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठरविण्यात आली. साहजिकच असंख्य जुन्या लॅपटॉपना 'विंडोज ११'कडे वळणे भाग पडले.

'विंडोज ११' ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली, पण तिच्या अटी आधीच्या प्रणालीपेक्षा कडक होत्या. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, 'सिक्युअर बूट'ची सोय आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षा चिप, या त्यांतील मुख्य अटी होत. प्रोसेसरच्या बाबतीत इंटेलची सर्वसाधारणपणे आठवी पिढी आणि त्यापुढील, तसेच एएमडीची रायझेन २००० मालिका आणि त्यापुढील, असे बंधन घालण्यात आले. सात-आठ वर्षे वापरलेले, डिस्क भरत आलेले आणि ड्रायव्हर कधीच न बदललेले यंत्र या उंबरठ्यावर अडखळले, तर त्यात नवल नाही.

आत नेमके काय घडते?

अपग्रेड ही एकसंध क्रिया नसून ती चार टप्प्यांत पार पडते. पहिल्या टप्प्यात जुनी विंडोज चालू असतानाच नव्या प्रणालीच्या फायली उतरविल्या जातात आणि यंत्र पात्र आहे की नाही याची तपासणी होते. या वेळी काही बिघडले तर सहसा फक्त एक संदेश दिसतो आणि काम पूर्ववत चालू राहते.

दुसऱ्या टप्प्यात लॅपटॉप पुन्हा सुरू होतो, परंतु जुनी विंडोज जागी होत नाही. तिच्याऐवजी एक अगदी छोटी, तात्पुरती प्रणाली ताबा घेते. ती जुन्या प्रणालीच्या फायली 'विंडोज-डॉट-ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये हलविते आणि त्या जागी नव्या मांडते. घर रंगविताना सामान आधी एका खोलीत रचून ठेवावे, तसा हा प्रकार असतो. तिसऱ्या टप्प्यात नवी विंडोज प्रथमच सुरू होते आणि त्या यंत्रातील ध्वनी, चित्र, वाय-फाय आदी घटकांचे ड्रायव्हर बसविते. चौथ्या टप्प्यात वापरकर्त्याचे खाते, मांडणी आणि उरलेली कामे पूर्ण होतात.

दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात अडथळा आला तर सामान पुन्हा मूळ जागी लावण्याची सोय कंपनीने ठेवलेली आहे. 'संगणकावर केलेले बदल मागे घेतले जात आहेत' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश पडद्यावर दिसतो, तो याच माघारीचा. हा संदेश पाहून अनेक जण घाबरतात आणि बटण दाबतात. वास्तविक तो दिलासा देणारा संदेश आहे. यंत्र स्वतःहून जुन्या प्रणालीकडे परतत असते आणि त्यात व्यत्यय आणणे म्हणजे दोन्ही प्रणाली अर्धवट ठेवणे होय.

अडकला की रेंगाळला?

पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. एसएसडी असलेल्या यंत्रात जे काम तासाभरात होते, तेच फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर कित्येक तास चालू शकते. टक्केवारीचा आकडा समान वेगाने पुढे सरकत नाही. एखाद्या आकड्यावर तो बराच वेळ रेंगाळतो आणि मग झपाट्याने पुढे जातो. त्यामुळे केवळ आकडा हलत नाही म्हणून यंत्र अडकले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

आकड्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे डिस्कचा दिवा. ज्या लॅपटॉपला तो आहे, त्यावर अधूनमधून लुकलुक दिसत असेल तर आत काम चालू आहे, असे समजावे. दिवा नसेल तर जुन्या हार्ड डिस्कची हलकी घरघर कान देऊन ऐकता येते, पंख्याचा आवाज बदलतो का हेही पाहता येते. लॅपटॉप चार्जरला जोडलेला आहे याची खात्री करून घ्यावी आणि पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर असे जोडलेले सारे काढून ठेवावे. केवळ एखादे बाह्य उपकरण काढल्याने पुढे सरकलेले अपग्रेड दुर्मीळ नाहीत.

एसएसडीवर दोन-तीन तास आणि जुन्या हार्ड डिस्कवर एक पूर्ण रात्र एवढा अवधी देऊनही आकडा, दिवा आणि आवाज यांपैकी कशातच हालचाल नसेल, तरच यंत्र खरोखर अडकले असे मानणे व्यवहार्य ठरते. मात्र हार्ड डिस्कमधून एकसारखा 'टक टक' असा आवाज येत असेल तर हा नियम लागू नाही. तो डिस्क मरणपंथाला लागल्याचा इशारा असतो. अशा वेळी यंत्र ताबडतोब बंद करावे, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये आणि माहिती मोलाची असल्यास ती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच जावे.

बटण दाबण्याची रीत

वाट पाहून झाल्यावर पॉवरचे बटण किमान दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद होतो. अर्धा-एक मिनिट थांबून तो पुन्हा चालू करावा. अनेकदा एवढ्यानेच अपग्रेड जिथे थांबला होता तिथून पुढे सरकतो, अथवा माघारीची प्रक्रिया आपोआप सुरू होते. तसे झाले तर पुन्हा हात आवरून धरावा.

यंत्र सलग दोनदा सुरू होण्यात अयशस्वी ठरले, तर विंडोज बहुधा स्वतःहून निळ्या पार्श्वभूमीचा एक पडदा पुढे करते. दुरुस्तीसाठी राखून ठेवलेली ही वेगळी, छोटी प्रणाली आहे. 'रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट' हे तिचे नाव. ती आपोआप आली नाही, तर लॅपटॉप चालू करून कंपनीचे बोधचिन्ह दिसताच बटण दाबून बंद करणे, असे दोनदा केल्यावर तिसऱ्या वेळी ती प्रकट होते. ज्या यंत्रात खाते उघडण्याचा पडदा दिसतो पण पुढे काही होत नाही, तिथे 'शिफ्ट' कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडले तरी हाच पडदा मिळतो.

तोही येत नसेल, तर दुसऱ्या एखाद्या चांगल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचे 'मीडिया क्रिएशन टूल' वापरून किमान ८ जीबी क्षमतेच्या पेनड्राइव्हवर विंडोजची स्थापना-प्रत तयार करता येते. पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही या कामात पुसले जाते, हे लक्षात ठेवावे. बिघडलेला लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर भाषा निवडण्याच्या सुमारास संगणक दुरुस्तीचा पर्यायही दिसतो. तो निवडावा. 'इन्स्टॉल'कडे या क्षणी वळू नये.

अट्ठेचाळीस अंकांची किल्ली

इथपर्यंत येऊन अनेकांची गाडी एका अनपेक्षित जागी अडते. पडदा 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागतो. आपण कधी कुलूप लावलेच नव्हते, असे वापरकर्ता शपथेवर सांगतो आणि ते खरेही असते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करताच डिस्क आपोआप कूटबद्ध होते. नित्याच्या वापरात टीपीएम चिप हे कुलूप मुकाट्याने उघडते, त्यामुळे त्याचे अस्तित्व जाणवत नाही. सुरू होण्याच्या प्रक्रियेत काही बदल दिसला की चिप हात आखडता घेते आणि किल्ली मागितली जाते. बायॉसमधील 'सिक्युअर बूट' बंद करणे किंवा टीपीएम पुसून टाकणे, असे प्रयोग दुरुस्तीच्या दुकानात सर्रास होतात. किल्ली हाती नसताना ते होऊ देणे अंगाशी येऊ शकते.

ही किल्ली ४८ अंकांची असते. सहा-सहा अंकांचे आठ गट असे तिचे रूप असते. घरगुती यंत्राची किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात प्रवेश करून आपल्या उपकरणांच्या नोंदीत ती पाहता येते. पडद्यावर दिसणारा किल्लीचा ओळख-क्रमांक आणि खात्यातील क्रमांक जुळवून योग्य किल्ली निवडावी. लॅपटॉप कार्यालयाचा अथवा महाविद्यालयाचा असेल, तर तेथील संगणक विभागाकडे ती असण्याची शक्यता असते. लॅपटॉप घेतेवेळी दुकानदाराने किंवा भाच्याने स्वतःच्या खात्याने तो सुरू करून दिला असेल, तर किल्ली त्यांच्या खात्यातही असू शकते. ती कुठेच सापडली नाही, तर मात्र त्या डिस्कवरची माहिती उघडण्याचा राजमार्ग उरत नाही. कुलूप चोरासाठी असले तरी किल्ली हरवलेल्या मालकालाही ते तितकेच अभेद्य असते.

या किल्लीचे महत्त्व १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने अनुभवले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्यतनामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. विमानसेवा विस्कळीत झाली, भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय तसा साधा होता. 'सेफ मोड'मध्ये जाऊन एक सदोष फाइल काढून टाकायची होती. परंतु कूटबद्ध डिस्कच्या यंत्रांमध्ये तिथवर पोहोचण्यासाठी आधी ती ४८ अंकी किल्ली लागत होती. यंत्रे धड होती, माहिती शाबूत होती, खोळंबा किल्ल्या शोधण्याचा होता.

आधी कागदपत्रे बाहेर

दुरुस्तीच्या पडद्यापर्यंत पोहोचल्यावर 'दुरुस्त करा'चा मोह होणे स्वाभाविक आहे. तरीही पहिले काम माहितीची प्रत काढण्याचे. त्यासाठीची एक युक्ती अनुभवी तंत्रज्ञ वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. 'ट्रबलशूट'मधून 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आणि तिथून 'कमांड प्रॉम्प्ट'मध्ये जावे. प्रसंगी खात्याचा पासवर्ड विचारला जातो. काळ्या खिडकीत 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजीत टंकून एंटर दाबले की साधे नोटपॅड उघडते. त्याच्या 'फाइल' सूचीतील 'ओपन' निवडून 'सर्व प्रकारच्या फायली' असा पर्याय ठेवला, की समोर येणारी चौकट छोट्या एक्सप्लोररसारखी वापरता येते. बाहेरची हार्ड डिस्क जोडून, हवे ते फोल्डर 'कॉपी' करून त्यात 'पेस्ट' करता येते. प्रगतीची पट्टी दिसत नाही, त्यामुळे यंत्र गोठल्यासारखे भासते. तिथेही धीर धरावा लागतो.

या वातावरणात डिस्कची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा 'सी' ड्राइव्ह इथे 'डी' किंवा 'ई' या नावाने दिसला तर गोंधळून जाऊ नये. ज्यात 'युजर्स' हे फोल्डर आहे, तो आपला. त्यात आपल्या नावाखाली 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' आणि 'डाउनलोड्स' ही फोल्डर असतात. ती रिकामी दिसली तर 'विंडोज-डॉट-ओल्ड'च्या आतील 'युजर्स'ही पाहावे, कारण अपग्रेड अर्ध्यावर असताना सामान त्या खोलीत असू शकते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नोंदी आणि आउटलुकची टपालपेटी पुष्कळदा वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, त्यांचा आठवणीने शोध घ्यावा.

दुसरा मार्ग लिनक्सचा. उबुंटूसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरून, लॅपटॉपमध्ये काहीही न बसविता, थेट चालविता येते. तिच्या फाइल-खिडकीतून विंडोजची डिस्क वाचता येते आणि कागदपत्रे बाहेर काढता येतात. डिस्क कूटबद्ध असेल तर इथेही तीच किल्ली लागते. तिसरा मार्ग म्हणजे डिस्क काढून, यूएसबीच्या खोक्यात घालून, दुसऱ्या संगणकाला जोडणे. मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवणूक मदरबोर्डवरच जडवलेली असते, तिथे तो बंद असतो.

आता दुरुस्ती

प्रत हातात आली की दुरुस्तीचे उपाय निर्धास्तपणे करता येतात. तेही सौम्याकडून कठोराकडे, याच क्रमाने करावेत. प्रथम 'स्टार्टअप रिपेअर'. सुरू होण्याच्या फायलींत बिघाड असेल तर तो बऱ्याचदा यातून सुटतो. त्याने भागले नाही, तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मध्ये शेवटचे 'फीचर अपडेट' काढण्याचा पर्याय असतो. जुन्या प्रणालीच्या फायली शिल्लक असतील तर यंत्र त्या प्रणालीकडे परतते. 'सिस्टीम रिस्टोअर' सुरू केलेले असेल तर आधीच्या तारखेच्या स्थितीकडे जाता येते. 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून 'सेफ मोड' निवडल्यास विंडोज किमान ड्रायव्हरसह उघडते. तिथे ती व्यवस्थित चालली, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा विषाणूरोधकाचा आहे, असे ओळखावे आणि तो काढून पाहावा.

'चेकडिस्क' ही डिस्क तपासणारी आज्ञा उपयुक्त आहे, पण ती कागदपत्रांची प्रत निघाल्यावरच द्यावी. डिस्क आधीच खिळखिळी असेल तर तासन्‌तास चालणारी ही तपासणी तिचा शेवटचा श्वास ठरू शकते. आणखी एक सावधगिरी 'रीसेट धिस पीसी'बद्दल. यातील 'माझ्या फायली ठेवा' हा पर्याय वैयक्तिक फायली राखतो, पण बसविलेली सॉफ्टवेअर काढून टाकतो. 'सर्व काही काढा' हा पर्याय नावाप्रमाणेच वागतो. घाईत दोहोंची गल्लत होणे महागात पडते.

संकेतांक काय सांगतो?

यंत्र जुन्या प्रणालीकडे परतले की बहुधा एक संकेतांक दाखविला जातो. तो न पाहता बंद करण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात रोगाचे निदान तिथेच असते, म्हणून मोबाइलने त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. 'शून्य-एक्स'ने सुरू होणाऱ्या संकेतांकात पुढे '८००७००७०' असेल, तर डिस्कवर जागा अपुरी आहे असा त्याचा अर्थ. 'सी१९००२०८' असेल, तर एखादे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीशी जुळत नाही. 'सी१९००१०१' हा सर्वाधिक भेटणारा संकेतांक माघारीचा आहे आणि त्यामागे बहुधा विसंगत ड्रायव्हर असतो.

या शेवटच्या संकेतांकापुढे डॅश देऊन आणखी एक पाच अंकी आकडा असतो. त्याचा पहिला अंक कोणत्या टप्प्यात गाडी अडली ते सांगतो. '२००१७' असेल तर दुसऱ्या टप्प्यात, '३००१८' असेल तर नवी विंडोज प्रथम सुरू होताना, '४००१७' असेल तर त्यानंतरच्या टप्प्यात. दुसऱ्या टप्प्यातील अडथळ्यामागे ड्रायव्हर किंवा अन्य कंपनीचे डिस्क-कुलूप, तर चौथ्यातील अडथळ्यामागे पुष्कळदा विषाणूरोधक सॉफ्टवेअर असते. मायक्रोसॉफ्टचे 'सेटअपडायग' हे मोफत साधन अपग्रेडच्या नोंदवह्या वाचून संभाव्य कारण सांगते.

फॉरमॅट हा शेवटचा उपाय

सर्व उपाय थकले तर नव्याने स्थापना करावीच लागते. एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून केलेली स्थापना हा अपग्रेड नसतो. सॉफ्टवेअर आणि मांडणी राखून होणारा अपग्रेड फक्त चालू विंडोजच्या आतूनच करता येतो. पेनड्राइव्हवरून स्थापना करताना विभाग फॉरमॅट न करता त्याच जागी विंडोज बसविली, तर जुन्या फायली 'विंडोज-डॉट-ओल्ड'मध्ये जातात. विभाग पुसला तर ती संधीही जाते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळीच अडचण असते. युनिकोडपूर्व काळातील 'शिवाजी'सारख्या फाँटमध्ये टंकलेले जुने लेख, पत्रिका, ग्रामसभांची इतिवृत्ते आणि हस्तलिखितांच्या नकला अजूनही अनेकांच्या संगणकात आहेत. नवी स्थापना झाल्यावर फायली वाचतात, परंतु फाँट नाहीसे होतात आणि उघडलेल्या पानावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल खराब झाली असे समजून ती टाकून दिली जाते. वस्तुतः मजकूर जिथल्या तिथे असतो, फक्त त्याचा वेश हरवलेला असतो. म्हणून कागदपत्रांबरोबरच 'विंडोज' फोल्डरमधील 'फाँट्स'चीही प्रत घ्यावी. छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरला यूएसबीचे हार्डवेअर लॉक लागत असेल, तर त्याचा नव्या प्रणालीवर चालणारा ड्रायव्हर उपलब्ध आहे काय, हे आधी निर्मात्याकडे विचारून घेणे श्रेयस्कर.

पुन्हा प्रयत्न करताना

यंत्र सावरले की दुसरा प्रयत्न करण्यापूर्वी थोडी तयारी हवी. डिस्कवर किमान २५-३० जीबी जागा मोकळी करावी. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीकडील बायॉस आणि ड्रायव्हरच्या ताज्या आवृत्त्या बसवाव्यात. बायॉस बदलण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. अन्य कंपनीचे विषाणूरोधक तेवढ्यापुरते काढून टाकावे. माउस आणि चार्जर सोडून बाकी सारी जोडणी सोडवावी. भारनियमनाच्या भागात बॅटरी पूर्ण भरलेली असल्याखेरीज अपग्रेड सुरू करू नये. ती थकलेली असेल तर यूपीएसचा आधार घ्यावा. काम रात्री सुरू करून झोपी जाण्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी सकाळी, समोर बसून करणे केव्हाही चांगले. अपग्रेड पार पडल्यावर साधारण दहा दिवसांपर्यंत 'सेटिंग्ज'मधून जुन्या आवृत्तीकडे परतता येते. तोवर 'डिस्क क्लीनअप' करून 'विंडोज-डॉट-ओल्ड' पुसण्याची घाई करू नये.

ज्या यंत्रांत कंपनीच्या अटी पूर्ण होत नाहीत, त्यांवर आडवाटेने 'विंडोज ११' बसविण्याच्या क्लृप्त्या प्रचलित आहेत. अशा यंत्रांची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. शिवाय २०२४मध्ये आलेल्या '२४एच२' या आवृत्तीपासून 'पॉपकाउंट' ही सूचना न समजणाऱ्या अतिजुन्या प्रोसेसरवर ही प्रणाली सुरूच होत नाही. तिथे अडकलेला लॅपटॉप कितीही वेळ थांबले तरी पुढे सरकणार नाही. लेखन, टपाल आणि आंतरजालापुरत्या वापरासाठी अशा यंत्रावर लिनक्स बसविणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय.

दोष नेहमी वापरकर्त्याचाच असतो असेही नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी खुद्द मायक्रोसॉफ्टने आणलेल्या 'विंडोज १०'च्या अद्यतनात काही लोकांच्या फायली नाहीशा झाल्याच्या तक्रारी आल्या. काही दिवसांतच कंपनीला त्याचे वितरण थांबवावे लागले आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला पुन्हा आणावी लागली. त्या वेळी ज्यांच्याकडे दुसरी प्रत होती त्यांना झळ बसली नाही. बाकीच्यांना माहिती परत मिळविण्याच्या साधनांवर विसंबावे लागले.

प्रणाली पुन्हा बसविता येते, सॉफ्टवेअर पुन्हा घेता येते, लॅपटॉपही नवा आणता येतो. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण किंवा आईच्या आवाजातील ध्वनिफीत बाजारात मिळत नाही. म्हणून 'फॉरमॅट मारू का?' या प्रश्नाला होकार देण्यापूर्वी मालकाने दुरुस्तीवाल्याला एक उलट प्रश्न विचारावा : 'माझ्या फायलींची प्रत काढली का?' ती स्वतःच्या डोळ्यांनी, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यावरच पुढच्या कामाला संमती द्यावी.